उगवेपर्यंत ऊब, उगवल्यावर उजेड: नाशिकच्या थंडीत घरात रोपं तयार करताना

डिसेंबरात टोमॅटोचं बी पेरायला घेतलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, एवढ्या थंडीत कशाला? फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की पेरा, आठ दिवसांत उगवून येईल. उगवून येईल हे खरं. पण त्या रोपाला फुलं लागायची ती एप्रिलमध्ये, आणि तोवर नाशिकचा पारा ३८-४०पर्यंत गेलेला असतो. दिवसा ३५ अंशांच्या पुढचं ऊन आणि रात्रीही न निवणारी हवा टोमॅटोच्या फुलाला सोसत नाही. परागकण निकामी होतात, फूल देठापासून गळतं. कुंडीत झाड हिरवंगार, फुलं भरपूर आणि फळ एखाददुसरं, असं चित्र दिसतं ते यामुळे. तेच बी डिसेंबरच्या मध्यावर पेरलं तर जानेवारीअखेर रोप कुंडीत जातं, फेब्रुवारीअखेर फुलं दिसतात आणि मार्चमध्ये, कडक उन्हाळ्याच्या आधी, फळं धरलेली असतात. मिरची आणि वांगी उष्णता जास्त सोसतात, पण त्यांची रोपं तयार व्हायलाच थंडीत दीड-दोन महिने लागतात. म्हणून त्यांचं बी तर टोमॅटोच्याही आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलेलं बरं.

दुसरं कारण पांढऱ्या माशीचं. टोमॅटोची पानं आक्रसून, वळून झाड खुंटतं, त्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो. त्याचा विषाणू ही माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि हवा तापू लागली की माशी वाढत जाते. रोप जितकं कोवळं असताना लागण होईल तितकं नुकसान मोठं. पहिला सव्वा महिना घरात वाढलेलं रोप या माशीच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटतं.

एवढं पटून लोक उत्साहाने पेरतात, आणि तीन आठवड्यांनी बहुतेकांची तक्रार एकच असते. रोपं उगवली, पण उंच, फिकट आणि बारीक दांड्याची झाली, खिडकीकडे वाकली, आणि एके दिवशी आडवी पडली. मग कुणी युरिया टाकतं, कुणी पाणी वाढवतं. त्याने काही होत नाही, कारण अडचण खताची नसतेच. बियाची गरज वेगळी आणि रोपाची गरज वेगळी. बियाला ऊब हवी असते. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांच्या बियांना उगवायला उजेडाची गरज नाही. पण कोंब वर आला त्या क्षणापासून रोपाला भरपूर उजेड हवा, आणि ऊब थोडी कमीच बरी. घरात आपण नेमकं उलट करतो. बी थंडगार गॅलरीत भिजत ठेवतो, आणि उगवलेल्या रोपाला थंडी वाजेल म्हणून ते उबदार पण अंधाऱ्या कोपऱ्यात आणतो.

पिंपळगाव बसवंत, गिरणारे, दिंडोरी या पट्ट्यात रोपवाटिकांचा मोठा धंदा आहे. तिथे जाऊन नुसतं उभं राहिलं तरी ही गोष्ट लक्षात येते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून, बी टाकून झालेले ट्रे ते एकावर एक रचतात आणि सगळी थप्पी प्लॅस्टिकच्या कागदाने गुंडाळून ठेवतात. आत मिट्ट काळोख, पण ऊब आणि ओल टिकून. दोन-तीन दिवस झाले की रोज कागद उचलून बघायचं, आणि कोंबांनी डोकं वर काढायला सुरुवात केली की त्याच दिवशी सगळे ट्रे शेडनेटखाली मोकळे पसरायचे. यात एक दिवसाचीही हयगय चालत नाही. थप्पीतच लांबलेलं रोप पुढे कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही. घरात आपल्याला हेच करायचं आहे, फक्त दहा-वीस कपांपुरतं.

आपली थंडी कशी आहे

इंटरनेटवर या विषयाचा बराचसा सल्ला युरोप-अमेरिकेतला असतो, तो जसाच्या तसा घेऊन चालत नाही. लंडनला डिसेंबरच्या शेवटी दिवस आठ तासांचाही नसतो, आणि घर मात्र हीटरने तापवलेलं असतं. नाशिकला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा आहे. आपल्याकडे घरात हीटर नसतो, आणि दुपारी त्याची गरजही नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरांची उंची, कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेकडून येणारे वारे यामुळे जमीन रात्री झपाट्याने निवते. दिवसा २७-२८ अंश आणि पहाटे ८-९, असं एकाच दिवसात होतं. निफाड तर याहून थंड. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो, आणि तो ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. अशा रात्री द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडून मुळांना जरा ऊब देतात.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी ही सगळी मूळची उष्ण मुलखातली पिकं. १० अंशांच्या खाली त्यांच्या पेशींना इजा होते, जरी बर्फ किंवा दव गोठलेलं कुठे दिसलं नाही तरी. म्हणजे आपल्याकडे अडचण दिवसाची नाही, रात्रीची आहे. आणि घरात आणल्यावर ती रात्रीची न राहता उजेडाची होते. हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे.

बियाची ऊब

कोरडं बी पाणी पिऊन फुगतं, मग आतले विकर (एन्झाइम) जागे होतात आणि साठवलेलं अन्न साखरेत बदलू लागतात. त्या साखरेवर मूळ आणि कोंब वाढतात. विकरांचा वेग तापमानावर ठरतो. टोमॅटोचं बी २५ ते ३० अंशांत ६ दिवसांच्या आसपास उगवतं, २० अंशांत ८ दिवस घेतं, १५ अंशांत दोन आठवडे, आणि १० अंशांत सहा आठवड्यांपर्यंत ताटकळतं. मिरची आणखी हट्टी आहे. ३० अंशांत आठवडाभरात येणारी मिरची १५ अंशांत पंचवीस दिवस लावते. उशीर झाला तर थोडं थांबू, असं इथे म्हणता येत नाही. ओल्या, गार कोकोपीटमध्ये बी पंधरा दिवस पडून राहिलं की बुरशीला आयता वेळ मिळतो, आणि बुरशीला ही थंडी चांगली मानवते. "बी बोगस निघालं" म्हणून ज्याला दोष देतात ते पुष्कळदा आतल्या आत कुजलेलं असतं. एका कपाची माती उकरून बघा. बी बोटाने दाबल्यावर मऊ, पिचपिचीत लागलं तर ते उगवणक्षम होतं, पण थंडीने वाट पाहायला लावलं.

वरचे आकडे हवेचे नाहीत, बी ज्या मातीत आहे तिचे आहेत. आणि ओल्या मातीचं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी कमीच असतं. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे: पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. खोलीत २० असेल तर उघड्या ट्रेमधलं कोकोपीट १७वर येतं, आणि टोमॅटोचे दोन-तीन दिवस वाढतात. यावरचा उपाय स्वस्त आहे. बी उगवेपर्यंत ट्रेवर प्लॅस्टिकचा कागद किंवा मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण ठेवा. बाष्पीभवन थांबलं की माती गार पडत नाही, आणि रोज पाणीही घालावं लागत नाही.

ऊब कुठून आणायची हा प्रश्न घराघरात वेगळा सुटतो. वायफायच्या राउटरचं किंवा सेट टॉप बॉक्सचं वरचं अंग दिवसरात्र कोमट असतं. एखादा छोटा डबा त्याच्या शेजारी मावतो. शेजारीच, वर नको, कारण पाणी सांडलं तर दोन्ही जातील. थर्माकोलची पेटी आणि तिच्यात रात्री ठेवलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या, हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. पेटी पहाटेपर्यंत ऊब धरते, वीज लागत नाही, आणि एका पेटीत वीस-पंचवीस कप बसतात. दिवसा पेटी गॅलरीत उन्हाच्या बाजूला ठेवायची, झाकण किंचित किलकिलं करून, नाहीतर दुपारी आत चाळीसच्या वर तापमान जाऊन बी शिजेल.

मिरचीसाठी मी सरळ मोड आणायचा रस्ता सुचवीन. बी रात्रभर पाण्यात भिजवा, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, डबा उबेला, आणि रोज एकदा फडकं उघडून हवा द्या. पांढरं टोक दिसलं की त्याच दिवशी कपात पेरा, टोक मोडू न देता. फडक्यात मूळ सेंटीमीटरभर वाढू दिलं तर ते सुतात अडकतं आणि सोडवताना तुटतं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे, तेव्हा ते फडकं आणि डबा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

कपात काय भरायचं यावर फार डोकं शिणवू नका. दोन भाग भिजवून फुलवलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. बागेतली काळी माती नको. थंडीत ती चिकट, गार आणि हवाबंद होते, शिवाय रोगाचे जंतू घेऊन येते. कोकोपीट मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. कपाच्या बुडाला तीन-चार भोकं हवीत. बी अर्धा सेंटीमीटर ते एक सेंटीमीटर खोल, बस.

उगवलं, आता पळापळ

टोमॅटोचा कोंब सरळ वर येत नाही. दांडा आकड्यासारखा वाकून माती ढकलतो, म्हणजे कोवळं टोक घासत नाही, आणि बीजदलं, म्हणजे बियातली पहिली दोन पानं, मागून ओढली जातात. हा आकडा उजेड लागला की काही तासांत उलगडतो. हवा फार कोरडी असली तर बियाची टरफलं बीजदलांच्या टोकाला चिकटून राहतात. ती ओढू नयेत. पाण्याचा एक थेंब बोटाने लावून ठेवा, तासाभरात टरफल मऊ होतं आणि बहुधा आपोआप सुटतं.

पहिला आकडा मातीबाहेर दिसला की झाकण काढायचं आणि ट्रे उजेडात न्यायचा. सगळे उगवू देत मग नेऊ, असं करू नका. एरवी चार दिवसांत जे दणकट झालं असतं ते रोप अंधारात एका रात्रीत दोन-तीन सेंटीमीटर लांबतं.

लांबतं का, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. रोपाच्या दृष्टीने अंधार म्हणजे "अजून आपण मातीखाली आहोत". बियातल्या साठ्यावर जितकं उंच जाता येईल तितकं जायचं, पानं नंतर बघू, असा त्याचा हिशेब असतो. अर्धवट उजेडाचा अर्थ तो "शेजारच्या झाडाची सावली पडली आहे" असा लावतो, आणि पुन्हा उंची गाठायला धावतो. सावली ओळखायची त्याची युक्तीही विलक्षण आहे. पानं प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतात, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा भाग त्यांच्यातून आरपार जातो. या दोहोंचं प्रमाण मोजणारं एक रंगद्रव्य रोपात असतं. प्रमाण बिघडलं की शेजारी कुणीतरी आहे हे त्याला कळतं. म्हणूनच एका कपात पाच-सहा रोपं दाटीने वाढली की भर उन्हातसुद्धा ती लांबतात. एका कपात एकच रोप ठेवा. जास्तीची उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा, म्हणजे राहिलेल्याची मुळं हलत नाहीत. जिवंत रोप कापायला हात धजावत नाही हे मान्य, पण दोन्ही ठेवली तर दोन्ही अशक्त होतात.

खिडकीकडे वाकण्याचं कोडं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८०च्या सुमारास उलगडायला घेतलं. गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर तो वाकत नाही, आणि टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वाकतो, हे त्यांना दिसलं. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाकणं खाली होतं. टोकातून उतरणारा निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे नंतर सिद्ध झालं. ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, आणि दांडा उजेडाकडे कलतो. ट्रे रोज अर्धा फिरवला की दांडा सरळ राहतो, पण तेवढ्याने उजेड वाढत नाही. वाकलेलं रोप तुम्हाला सांगत असतं की एका बाजूचा उजेड पुरत नाही.

आपली अडचण अशी की डोळा या बाबतीत फसवतो. मोकळ्या गच्चीवर भर दुपारी सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. लख्ख वाटणाऱ्या बैठकीच्या खोलीत ३०० ते ५०० असतो. दोनशे पटींचा फरक, आणि आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो, कारण डोळा उजेडाप्रमाणे जुळवून घेतो. रोपाला तशी सोय नाही. दणकट दांडा हवा तर दिवसाचे बरेच तास निदान ८-१० हजार लक्स मिळायला हवेत. मोबाइलवर उजेड मोजायची ॲप आहेत, ती अगदी अचूक नसली तरी खिडकीतला आणि टेबलावरचा फरक दाखवायला पुरतात. ॲप नको असेल तर ट्रेवर वीतभर उंचीवर हात धरा. सावली काळी, कडा स्पष्ट, तर उजेड पुरेसा. सावली धूसर असेल किंवा पडतच नसेल, तर रोप लांबणार.

सुदैवाने हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरला नाशिकमध्ये दुपारी बारा-साडेबाराला तो क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं. मे महिन्यात त्याच खिडकीत ऊन येत नाही. इंदिरानगर-सिडकोच्या फ्लॅटमध्ये दक्षिणेची गॅलरी मिळाली असेल तर ट्यूबलाइटचा विचारही करू नका. पूर्वेची खिडकी दुसऱ्या क्रमांकाची. उत्तरेच्या खिडकीत दिवसभर छान उजेड वाटतो, पण रोपासाठी तो अपुरा. खिडकीच्या काचा गडद रंगाच्या असतील किंवा वर्षभराची धूळ बसलेली डासांची जाळी असेल, तर उजेडाचा मोठा वाटा तिथेच अडतो. दिवसा ती काच आणि जाळी सरकवून ठेवा. आणि ट्रे खिडकीच्या कट्ट्यावरच हवा. हातभर आत सरकवला की उजेड निम्म्याच्याही खाली येतो.

रात्री मात्र तोच कट्टा घरातली सगळ्यात गार जागा होतो. दिवे लागले की ट्रे उचलून खोलीच्या आत ठेवा, सकाळी ऊन आलं की परत कट्ट्यावर. रोज दोन वेळा ट्रे हलवणं एवढंच खरं कष्टाचं काम या सगळ्यात आहे, आणि त्याला पर्याय नाही. बाहेर ९ अंश असताना बंद खोलीत सहसा १६-१८ असतात, आणि उगवलेल्या रोपाला रात्री एवढंच हवं. याहून ऊबदार जागा शोधू नका. रात्री रोप साखर बनवत नाही, फक्त श्वसनात खर्च करतं, आणि ऊब वाढली की खर्च वाढतो. दिवसाची कमाई बेताची असताना रात्रीचा खर्च वाढवला तर दांडा पोकळ आणि मऊच राहणार.

खोलीत ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. दिवसाचं तापमान रात्रीपेक्षा जितकं जास्त, तितकी पेरांमधली अंतरं लांबतात, हे अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं, आणि हरितगृहात फुलझाडं वाढवणारे त्याचा आजही उपयोग करतात. नाशिकच्या उघड्या हवेत दिवस-रात्रीचा फरक १८-२० अंशांचा असतो. घरात तो सात-आठवर येतो, आणि रोप आटोपशीर राहतं.

उन्हाची खिडकीच नसेल तर साध्या एलईडी ट्यूब चालतात. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत. पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या, २० वॅटच्या दोन ट्यूब शेजारी-शेजारी लावा आणि रोपांच्या शेंड्यापासून १०-१२ सेंटीमीटरवर टांगा. छताला लावलेली ट्यूब रोपाच्या काही कामाची नाही. रोप वाढेल तशी ट्यूब वर सरकवायची, म्हणून ती दोरीने टांगलेली सोयीची. दिवसाला १५ तास चालवली तर ४० वॅटप्रमाणे ०.६ युनिट, म्हणजे महिन्याला १८ युनिट. ट्यूब चोवीस तास चालू ठेवू नका, सततच्या उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात. खिडकीत थोडंफार ऊन येत असेल तर दिवसा खिडकी आणि संध्याकाळी सहा ते दहा ट्यूब, हा मेळ उत्तम जमतो.

आडवी पडणारी रोपं

संध्याकाळी ठीक दिसणारं रोप सकाळी मातीवर लोळलेलं असतं, पानं अजून हिरवी. जवळून बघा. दांडा मातीलगत पाणी शोषल्यासारखा काचपारदर्शक, मग तपकिरी, आणि चिमटा घेतल्यागत बारीक झालेला. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींची ही मर. पडलेलं रोप वाचत नाही. तो कप लगेच बाहेर काढा, माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि बाकीच्यांचं पाणी तोडा.

ही मर थंडी, ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आल्यावर येते. त्यातली ओल आपल्या हातात आहे. रोज ठरलेल्या वेळी पाणी घालण्याची सवय सोडा आणि कप उचलून बघा. हलका लागला तरच पाणी. ते वरून न ओतता ताटात सेंटीमीटरभर पाणी घेऊन त्यात कप पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग काढून निथळू द्या. वरचा थर कोरडा राहतो, आणि बुरशीला दांड्याशी ओल मिळत नाही. वेळ सकाळी दहाची, म्हणजे संध्याकाळपर्यंत जास्तीची ओल उडते. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी बर्फगार असतं. ते आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवलेलं वापरा. पेरतानाच कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळली तर चांगलं, ती कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. जुने कप, ट्रे साबणाने धुऊन दिवसभर उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका.

हवेसाठी छोटा पंखा, पानं जेमतेम हलतील एवढाच, दिवसातून दोन-तीन तास. त्याने ओल उडतेच, शिवाय हलणाऱ्या दांड्याला रोप जाड करतं. पंखा नसेल तर तळहात रोपांच्या शेंड्यांवरून रोज आठ-दहा वेळा हळुवार फिरवा. स्पर्शाने रोप बुटकं आणि दणकट होतं ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनी १९७३मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं.

खताबद्दल थोडक्यात. बीजदलं आहेत तोवर काही नको. पहिली दोन खरी पानं, म्हणजे कातरलेल्या कडांची, उघडली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. द्राक्षपट्ट्यात ते कुठेही सुटं मिळतं. युरिया नको, कमी उजेडात तो रोपाला फक्त लांबवतो. कधी टोमॅटोच्या पानांची खालची बाजू आणि शिरा जांभळट होतात, आणि लोक स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं म्हणून १२:६१:०० हे स्फुरदाचं खत घालायला धावतात. स्फुरद मातीत असतं, पण गार मुळांना ते उचलता येत नाही. ट्रे थेट फरशीवर असेल तर तो पाटावर किंवा पुठ्ठ्यावर उचलून ठेवा. मुळं गार फरशीवरून उठली की नवी पानं हिरवी येतात.

रोप लांबलंच असेल तर टोमॅटोपुरता उपाय आहे. मोठ्या कपात हलवताना बीजदलांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या दांड्याला मुळं फुटतात. हलवताना दांडा धरू नका, पान धरा. पान तुटलं तर दुसरं येईल. मिरची-वांग्याला असं खोल गाडून फायदा नाही, त्यांचं लांबलेलं रोप सोडून पुन्हा पेरलेलं बरं. काकडी, दोडका, कलिंगड यांची मुळं हलवलेली सोसत नाहीत. ती मोठ्या कपात थेट पेरायची आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी नाहीच.

घराबाहेर

घरात वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो. जानेवारीतलं नाशिकचं ऊन आपल्याला हवंहवंसं वाटतं, पण अकराच्या उन्हात पहिल्याच दिवशी ठेवलेलं रोप दोन तासांत भाजतं. पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. म्हणून संक्रांत झाली की पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत दिवसभर. या दिवसांत पाणी थोडं ताणून द्या, पानं किंचित मलूल झाल्यावरच. रात्री पारा दहाच्या खाली जाणार असेल तर आत घ्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही थंडीची एखादी लाट येते, तेव्हा आठवडाभर अंदाजावर लक्ष असू द्या.

कुंडीत लावण्याजोगं टोमॅटोचं रोप वीतभरापेक्षा कमी उंचीचं, चार-पाच खऱ्या पानांचं, दांडा बोटात धरल्यावर टणक लागणारं असतं. कप उलटा केला की मातीचा गड्डा न फुटता निघावा आणि मुळं पांढरी दिसावीत. कळ्या धरलेलं उंच रोप आकर्षक वाटतं, पण ते कपात जास्त दिवस अडकलेलं असतं आणि कुंडीत गेल्यावर रुजण्यापेक्षा फुलण्यात ताकद घालवतं. तशा कळ्या असतील तर लावताना खुडून टाका. लागवड संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा, लगेच भरपूर पाणी द्या, आणि पहिले तीन दिवस दुपारच्या वेळी वरून जुन्या साडीचा किंवा शेडनेटचा आडोसा ठेवा. त्याच दिवशी कुंडीजवळ शेंड्याच्या उंचीला एक पिवळा चिकट सापळा टांगा. पांढरी माशी आली आहे की नाही, हे पानांच्या आधी त्यावर दिसेल.